गप्पीचं बाळंतपण

लेक शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम गप्प झालं, म्हणून मी फिश टँक घेतला. त्याआधी एकदा गोल्डफिशची जोडी आणली होती. ती अकरा दिवसांत गेली. त्यामुळे या वेळी दुकानात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "चाचा, असे मासे द्या, की मेले तरी मागून नवीन येत राहतील."

दुकानदार चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय करता बाई तुम्ही?"

"हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. काय बरोबर, ते मी विचारलं नाही.

त्यांनी नीट समजावलं. एंजल मासा दिसायला झकास, पण त्याला मोठी टाकी लागते, आणि घातलेली अंडी तो स्वतःच खातो. मोली जातीच्या माशालाही माझी पंचवीस लिटरची टाकी अपुरी. "पयल्यांदा करताय तर गप्पी न्या. अंडी न्हाय, उबवणं न्हाय, थेट पिल्लंच. जोडीला लाल चेरी झिंगे. या दोघांस्नी पोरं झाली न्हाईत तर चूक तुमची समजायची." फक्त एक अट होती. टाकीत वाळू, शेवाळ आणि पाणी घालून ती तीन आठवडे तशीच चालवायची, पाणी मुरून माशांना सोसेल असं झालं, की मग मासे.

त्या तीन आठवड्यांत गडमुडशिंगीहून मिस्टरांचे मामा आले. चहा होईपर्यंत ते टाकीपुढं वाकून बसले होते. शेवटी म्हणाले, "मासं कुठं हायत?"

"अजून यायचेत."

"मग लाइट कुणासाठी लावलाय?"

तीन आठवड्यांनी मी मासे आणायला गेले. चाचा म्हणाले, "जोड्या लावून देऊ?" मी म्हटलं, "नको, मीच निवडते." आणि सहा सगळ्यात देखणे गप्पी निवडले. कुणाची शेपटी नारिंगी पंख्यासारखी, कुणाच्या अंगावर निळी झाक. झिंगे मात्र गप्पींचं बस्तान बसल्यावर आणायचं ठरवलं.

दोन महिने झाले, पण टाकीत काही हालचाल नाही. म्हणजे हालचाल खूप, निष्पत्ती शून्य. मी खाणं बदललं, पाणी बदललं, टाकीची जागासुद्धा बदलली. एवढ्यात सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. त्या कोडोलीत राहतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आमच्याकडं आल्या होत्या. उभा जन्म त्यांनी खेड्यापाड्यांत आरोग्यसेविका म्हणून काढलाय. बाळंतपणं किती केली याचा त्यांनाच पत्ता नाही.

"आगं, ह्ये तर हिवतापाचं मासं!" टाकी बघून त्या म्हणाल्या. "डास मारायला आमी हौदात बादलीबादलीनं सोडलेत. तू इकत आणलीस व्हय?"

मी म्हटलं, "आणलेत खरे, पण पिल्लं होईनात."

आत्तींनी वॉकर बाजूला ठेवला आणि काचेला नाक लावलं. मिनिटभर बघितलं. मग वळल्या.

"ही सगळी बाप्येच हायत की! साच्या सा! पोरं व्हायची कुणाला, तुला?"

मोर पिसाऱ्याचा आणि लांडोर साधी का, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. स्वयंपाकघरातून मिस्टरांच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्ती वॉकरसकट रिक्षात बसून दुकानात आल्या. चाचांनी जाळीनं एकेक मादी धरून दाखवायची आणि आत्तींनी नापसंत करायची, असं बराच वेळ चाललं. "ही नको, अंगानं बारीक हाय. ही दे. शेपटीच्या मुळाशी काळा डाग बघ, हिला दिस गेल्यात."

चाचांनी हात जोडले. "आक्का, तुमी ह्या धंद्यात कवापासनं?"

"तुझ्या जन्माच्या आदीपासनं."

चार नर परत करून चार माद्या घेतल्या आणि दहा लाल झिंगेही आणले. तिसऱ्या दिवशी वाळूवर एक झिंगा पडलेला दिसला. मिशांसकट अख्खा, पण रंग उडालेला. मला फार वाईट वाटलं. मी तो मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. संध्याकाळी आत्तींनी झिंगे मोजले आणि हाक मारली, "दाच्या दा हायत. मग तू पुरलंस कुणाला?" झिंगा वाढताना कात टाकतो, हेही माझ्याच पुस्तकात आहे.

खरा गोंधळ पुढं झाला. आमच्या शाळेत वर्गावर मोबाइल न्यायचा नाही, असा नियम आहे. मी नववीच्या वर्गावर होते आणि आत्तींनी थेट ऑफिसला फोन केला. तास संपवून स्टाफरूममध्ये आले तर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या, "घरून निरोप आहे. पहिलटकरीण सुखरूप सुटली, लगेच या."

माझी लेक एकोणीस वर्षांची, तिचं लग्न झालेलं नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. गणिताच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मला हसू फुटलं, तशी त्या जास्तच घाबरल्या.

"अहो, मासा आहे तो!"

"हो, हो," माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "बसा जरा."

घरी पोचले तर आत्ती टाकीपुढं स्टुलावर, हातात चहाची गाळणी. चेहरा उतरलेला.

"तिनं एक गिळलं," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यांदेखत. स्वतःचं."

"गप्पी खातातच आत्ती. त्यांना कळत नाही."

"एवढी बाळंतपणं केली, पर आसं कधी बघितलं न्हाय गं." मी पिल्लांना लपायला टाकीत आणखी शेवाळ सोडलं आणि आईला गाळणीनं काढून बरणीत ठेवलं. आत्तींनी बरणी डोळ्यांपुढं धरून तिला दहा मिनिटं झापलं. चौदा पिल्लं जगली.

गुडघा बरा झाला तशा आत्ती कोडोलीला परतल्या. पंधरा दिवसांनी मी फोन केला. "आत्ती, एक झिंगी पोटाखाली अंडी धरून फिरतेय. काय करू?"

"काय करू नको. हात लावू नको." मग जरा थांबून, "झिंग्याचं आपण कधी केलं न्हाय. किती दिस घेती?"

"महिनाभर म्हणतात."

"मग मी ऐतवारी येतो. तवर पाणी बदलू नको."

आत्ती गुरुवारीच आल्या.