बाल्कनीतलं फाटक

सतरा फेब्रुवारीला चष्मेवालीनं आठशे पंच्याहत्तर रुपये भरले आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. पावती आली तेव्हा तिच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात सात महिन्यांची ढमी. ढमीनं पावतीचं स्वागत म्हणून आईच्या खांद्यावर सगळं दूध काढलं.

चष्मेवाली हे तिचं धावण्याच्या क्लबातलं नाव. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून ती यंत्रावर काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिला स्वतःला चष्मा नव्हता, म्हणून हे नाव जास्तच चिकटलं. शाळेपासून ती पळत आली होती. क्लबाच्या चार बायकांच्या संघात सहा वर्षं तिची जागा पक्की होती. मग ढमी झाली, आणि जागा नुसती राखून ठेवलेली राहिली.

ती किती दिवस राखायची, हे सरांनी त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. सर म्हणजे क्लबाचे प्रशिक्षक, तोंडानं फटकळ, पण हिशेबाला चोख.

"हे बघ, जागा एक आणि माणसं दोन. बँकवाली वर्षभर नेमानं येतेय. मे महिन्याच्या शर्यतीत तू दोन तासांच्या आत आलीस तर जागा तुझी. दोन तास आणि एक सेकंद झाला तरी तिची. मग मला फोन करून रडायचं नाही."

"मी कधी रडले, सर?"

"तू नाही. तुझी पोरगी रडते. मागच्या फोनवर मला तुझं एक अक्षर कळलं नव्हतं."

मुलगी होण्याआधी चष्मेवालीनं हे अंतर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत पार केलं होतं. तेव्हा रात्री आठ तास झोप होती. आता सलग तीन तास डोळा लागला तरी ती नवऱ्याला कौतुकानं सांगायची.

अडचण पायांची नव्हतीच. ढमी बाटली तोंडात धरत नसे. तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणून झाल्या, वाटी-चमचा झाला. ढमी ओठ घट्ट मिटून अशी बघायची, की देणाऱ्यालाच लाज वाटावी. शिवाय तिच्या जागं होण्याला काही वेळापत्रक नव्हतं. आज पाचला, उद्या सहाला, परवा चारपासून गप्पा. नवरा पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. तो पहाटे तीनला घर सोडायचा आणि नऊला परत यायचा. धावायची वेळ तर नेमकी पाच ते सात. म्हणजे पळायचं, पण घरापासून लांब जायचं नाही. आणि मोबाइल घेऊन पळावं, तर सासूबाईंना मोबाइलवर फोन उचलता यायचा, लावता यायचा नाही.

सासूबाई बाळंतपणासाठी महिनाभर म्हणून आल्या होत्या आणि राहिल्याच. रेल्वेच्या फाटकावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. गाडीची वेळ झाली की फाटक बंद करायचं, हिरवं निशाण धरून उभं राहायचं, काही धोका दिसला तर लाल. सुनेच्या धावण्याबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं.

"आमची गाडी पळायची ती कुठंतरी पोचायला. तू तासभर पळतेस आणि परत इथंच येतेस. त्यापेक्षा बसून राहिलीस तरी इथंच असशील ना गं?"

"आई, मी पळून आले की दिवसभर चिडचिड करत नाही. बघा तुम्हीच."

सासूबाईंनी आठवडाभर बघितलं. दोन दिवस सून पळाली, पाच दिवस नाही. आठव्या दिवशी त्यांनी जुन्या पडद्याचं हिरवं कापड आणि मुलाचा एक लाल टीशर्ट फाडून दोन काठ्यांना शिवले.

"टीशर्ट चांगला होता," मुलगा म्हणाला.

"तुझ्या पोटावर बसत नव्हता. आता नीट ऐका दोघं. इमारतीभोवती रस्ता आहे, त्यावरून फेरे मारायचे. प्रत्येक फेऱ्याला बाल्कनीखाली आलीस की वर बघायचं. हिरवं म्हणजे ढमी झोपलीय, पुढं जा. लाल म्हणजे उठलीय, वर ये. आणि लाल दिसल्यावर 'अजून एकच फेरा' असलं काही चालणार नाही. लाल म्हणजे लाल."

"आणि नुसतीच खेळत असली तर?"

"तर हिरवं हलवीन. हलतं हिरवं म्हणजे सावकाश जा."

असा तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत रेल्वेचा कारभार सुरू झाला. इमारतीच्या फाटकातून डावीकडे, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून, गॅरेजच्या पुढून, शाळेच्या भिंतीला लागून परत बाल्कनीखाली, असा साडेसहाशे मीटरचा फेरा होता. कुत्र्यांनी दोन दिवस भुंकून घेतलं आणि नाद सोडला. चष्मेवाली मान वर करून पळायची, हिरवं बघायची, पुढं जायची. लाल दिसलं की जिन्याकडे झेप. तीन मजले चढून, चपळाईनं हात धुऊन, घामाचा टीशर्ट बदलून ढमीला घ्यायचं. ढमी प्यायची, ढेकर द्यायची आणि कधीकधी पुन्हा झोपायची. मग हिरवं. मग पुन्हा खाली. एकेका सकाळी असं तीनदा व्हायचं. धावण्याचे नुसते तुकडे तुकडे.

सरांना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"हा सराव आहे की लोकलची फेरी? सलग कधी पळणार?"

"ढमीला विचारून सांगते."

महिन्याभरात सगळ्या गल्लीला निशाणं वाचता यायला लागली. चष्मेवाली शाळेच्या भिंतीपाशी असली तर तिला बाल्कनी दिसायची नाही, पण गॅरेजवाल्याला दिसायची. तो स्पॅनर वर करून ओरडायचा, "वहिनी, लाल लागलं!" इस्त्रीवाला पुढचा निरोप द्यायचा, "लाल, लाल! पळा!" एकदा समोरच्या इमारतीत कुणीतरी लाल चादर वाळत घातली आणि इस्त्रीवाल्यानं चष्मेवालीला विनाकारण तीन मजले चढायला लावले. सासूबाई दारात उभ्या.

"कोण मेलं लाल म्हणालं?"

"इस्त्रीवाले."

सासूबाई स्वतः खाली उतरल्या आणि समोरच्या इमारतीत जाऊन लाल चादर वाळत घालण्याची वेळ ठरवून आल्या. सकाळी सातनंतर.

या सगळ्यात सासूबाईंना मजा वाटायला लागली होती, पण कबूल करायच्या नाहीत. पहाटे सून उठायच्या आधी त्या केस विंचरून, दोन्ही निशाणं गुंडाळून, खुर्ची बाल्कनीत लावून तयार असायच्या. सून एखाद्या दिवशी कंटाळून अंथरुणात पडून राहिली तर दारावर काठी वाजायची.

"सूनबाई, सिग्नल कधीचा दिलाय. गाडी यार्डातच का?"

एप्रिलअखेर चष्मेवाली एका सकाळी सव्वीस फेरे पळाली, मध्ये दोन थांबे धरून. नवऱ्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. तो बाल्कनीत ढमीला घेऊन उभा होता आणि प्रत्येक फेऱ्याला ढमी आईला बघून दोन्ही हात पसरत होती. वेळ चांगली आली होती. पण थांबे धरले तर चांगली म्हणायची की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी घरात बैठक झाली.

"उद्या निशाणं नाहीत," चष्मेवाली म्हणाली. "पावणेपाचला मी ढमीला पाजून निघणार. सहाला शर्यत सुरू. आठच्या आत संपणार. नवाच्या आत मी घरी. तोवर ती काढेल कशीतरी."

"उद्या मी सुट्टी घेतलीय. आम्ही घरात बसून काय करू?" नवरा म्हणाला. "चौदाव्या किलोमीटरला रस्ता आपल्या बाजारातून जातो. तिथं उभं राहतो. लांबून हात हलवू."

"लांबूनच हं. ढमीनं मला बघितलं आणि मी थांबले नाही तर ती आभाळ डोक्यावर घेईल."

"मी मागं धरतो तिला. काळजी करू नकोस."

"आई, दोन तास म्हणजे दोन तास आहेत. लक्षात आहे ना?"

"मला वेळ शिकवतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी फक्त हिरवं आणते. दाखवायला. तेवढं तर चालेल?"

चालेल, असं ठरलं.

शर्यत सुरू झाली आणि चष्मेवालीला पहिली गंमत कळली ती अशी, की रस्ता सरळ जात होता. किती महिन्यांनी ती परत फिरून न येता पळत होती! पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तिनं चार वेळा मान वर केली. मग सवय मोडली. पाय मोकळे झाले. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, वेळ अगदी हवी तशी. याच वेगानं गेली तर एक तास चोपन्न मिनिटं. सहा मिनिटं हातात शिल्लक. बँकवाली शंभर पावलं मागं होती. चष्मेवालीला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण श्वास पुरला नसता.

बाजाराच्या वळणावर तिला सासूबाई दिसल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर, ताठ, हिरवं निशाण पुढं धरून. मागं नवरा, आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी ढमी.

ढमीनं आईला बघितलं.

तिनं आधी हात पसरले. आई आली नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की पाणी वाटणारे स्वयंसेवक वळून बघायला लागले. आणि सासूबाईंच्या हातात तीस वर्षांची नोकरी जागी झाली. फाटकावर एक निशाण घेऊन उभं राहायचं नसतं, दोन्ही लागतात. त्यामुळं लाल त्यांच्या काखेत होतंच. त्यांनी हिरवं खाली केलं आणि लाल वर.

"आई, नको!" नवरा ओरडला.

उशीर झाला होता. चष्मेवालीच्या डोक्यानं काही ठरवायच्या आत तिचे पाय वळले. रस्ता सोडून ती सरळ पायरीपाशी येऊन उभी राहिली, आणि मग तिला कळलं आपण काय केलं.

सासूबाई स्वतःच्या हाताकडं बघत होत्या. "अगं बाई. अगं, हात आपोआप... जा, जा तू! हे काही खरं नाही, जा!"

पण ढमी तोवर बापाच्या हातातून निम्मी बाहेर आली होती आणि चष्मेवालीचा टीशर्ट पुढून दुधानं ओला झाला होता. आता पळाली असती तरी सात किलोमीटर ते रडणं कानात घेऊनच पळावं लागलं असतं.

"लाल म्हणजे लाल," असं म्हणून ती हसायलाच लागली. "द्या इकडं तिला."

शेजारच्या किराणा दुकानदारानं नुकतंच शटर वर केलं होतं. त्यानं स्टूल बाहेर आणलं, पाण्याची बाटली दिली, ढमीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. सासूबाईंनी लाल निशाणाची काठी काढून कापड सुनेच्या खांद्यावरून सोडलं. आडोसा झाला. मग त्यांनी मुलाचं मनगट पकडून घड्याळ आपल्याकडं वळवलं.

"पाच मिनिटांचा थांबा. त्यावर एक सेकंद नाही. भरलेली बाजू आधी दे. पाणी पी. पाय लांब कर, पोटऱ्या आखडतील."

"आई, तुम्हाला काय माहीत पोटऱ्यांचं?"

"तीन महिने वरून काय बघत होते मी, तुझे केस?"

बँकवाली समोरून गेली. जाता जाता ओरडली, "अगं, काय झालं?"

"नाश्ता चाललाय! तू पळ!"

ढमी घाईघाईनं पीत होती, एक डोळा गर्दीवर ठेवून. पाच मिनिटं झाली तेव्हा तिनं स्वतःच तोंड सोडलं, ढेकर दिला आणि बिस्किटाच्या पुड्याकडं वळली. सासूबाईंनी हिरवं वर केलं.

"सुटली गाडी!"

आता शिल्लक जवळजवळ काही नव्हती. सात किलोमीटर, एकोणचाळीस मिनिटं. दुसरी कुणी असती तर थंड पडलेले पाय पुन्हा तापेपर्यंत निम्मा वेळ गेला असता. चष्मेवालीच्या पायांना मात्र दुसरी तऱ्हा माहीतच नव्हती. थांबायचं, पाजायचं, लगेच त्याच वेगात निघायचं, हेच तर ते तीन महिने शिकले होते. पहिल्या शंभर पावलांतच लय सापडली. सोळाव्या किलोमीटरला तिनं घड्याळ बघितलं, बरोबर होतं. अठराव्याला कुशीत कळ आली. ती तिनं शिव्या देत देत मागं टाकली. विसाव्याला बँकवाली दिसली, खांदे पडलेली. तिला गाठून चष्मेवाली म्हणाली, "चल, माझ्या मागं राहा. बोलू नकोस." दोघी एकामागं एक शेवटच्या वळणाला लागल्या.

सर रेषेपाशी घड्याळ धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मिरची चावल्यासारखा झाला होता. "एकोणसाठ चालू झालंय! हात मार, हात मार, अगं हात!"

एक तास, एकोणसाठ मिनिटं, एकतीस सेकंद. बँकवाली चार सेकंद मागं.

चष्मेवाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. सर तिच्याभोवती दोन चकरा मारून आले.

"दहाव्याला तू चोपन्नच्या हिशेबात होतीस. पाच मिनिटं कुठं घालवलीस?"

"पोरीला पाजलं."

 सरांनी घड्याळ पुन्हा बघितलं, जणू तेच खोटं बोलत असावं. "शर्यतीत?"

"लाल लागलं होतं, सर."

"इथंही?"

"ते नंतर सांगते. जागा माझी ना?"

"तुझी. मंगळवारी साडेपाचला मैदानावर ये." ते दोन पावलं जाऊन परत आले. "आणि येताना पोरीला आणि त्या निशाणवाल्या बाईंनाही आण. तिकडं गवताच्या पट्ट्यावर खुर्ची टाकून देतो."

बँकवालीसाठी पुढच्या वर्षी दुसरी जागा रिकामी होणार होती. तिनं चष्मेवालीच्या पाठीत सणसणीत थाप मारली आणि म्हणाली, "तोवर मला पण एक सासू शोध."

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांनी वेळ विचारली नाही, कारण गॅरेजवाला आणि इस्त्रीवाला सुनेच्या पुढं, जिन्यातूनच तिची वेळ ओरडत वर आले होते. सासूबाईंनी सुनेला खाली बसवलं, तिचे बूट स्वतः काढले आणि म्हणाल्या, "तीस वर्षांत चुकीचं निशाण हे पहिलंच. कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच ते सगळ्या गल्लीला सांगितलं.

बाजारातल्या दुकानदाराचे पाण्याच्या बाटलीचे वीस आणि बिस्किटाच्या पुड्याचे दहा, असे तीस रुपये अजून द्यायचे आहेत.