आरामखुर्च्यांचा खप

फर्निचरच्या त्या तीन मजली दुकानात मांडणीचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे मांडणीताईच म्हणत. माल स्वतः बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं, हे त्यांचं ठाम मत. आत शिरलेलं गिऱ्हाईक आपसूक उजवीकडे वळतं, म्हणून नवा माल उजवीकडे. नजरेच्या उंचीवरचं पटकन उचललं जातं, म्हणून तिथे जास्त नफ्याची वस्तू. पलंगाशेजारी दिवा ठेवला की पलंगाबरोबर दिवाही जातो. हे इतकं अंगात भिनलं होतं की घरी पाहुणे आले तरी ताई आधी त्यांची पावलं कुठे वळतात ते बघायच्या, मग ‘या, बसा’ म्हणायच्या.

अशा ताईंना बदामी आरामखुर्च्यांनी मात्र घाम फोडला. मॅनेजरनं हौसेनं भरमसाट मागवलेला तो माल गोदामात ढिगानं पडून होता. ताईंनी खुर्च्या उजवीकडे मांडल्या, जिन्यापाशी मांडल्या, पुस्तकांच्या कपाटाला जोडून मांडल्या, किंमतही उतरवली. लोक यायचे, हात फिरवायचे, “छान आहे हो,” म्हणायचे आणि पायपुसणं घेऊन जायचे.

“ताई, हा डेड स्टॉक झाला,” मॅनेजरनं कपाळाला हात लावला. “मालक मला जिवंत सोडत नाहीत.”

ताई इरेला पेटल्या. भर दुपारी त्यांनी एक खुर्ची दर्शनी काचेमागे ओढत नेली. गालिचा अंथरला, दिवा वळवला, उशी ठेवली. उशी नीट बसते का बघावं म्हणून जरा टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती काचेवरच्या टकटकीनं. बाहेर ही गर्दी! ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर सावरून निसटणार, तोच मॅनेजर धावत आला.

“ताई, उठू नका! खुर्च्या खपायला लागल्यात!”

पण झोप काय ऑर्डर दिल्यावर येते? दुसऱ्या दिवशी ताई काचेमागे टक्क जाग्या. डोळे मिटले तरी गालिच्याची वाकडी कड दिसत होती. संध्याकाळी घरी आल्या, तर त्यांचे रिटायर्ड यजमान छातीवर पेपर घेऊन लाकडी बाकावर घोरत होते. ताई नेहमीप्रमाणे करवादणार होत्या, पण थबकल्या.

“अहो, उद्या दुकानात येता का?”

“काय उचलायचंय?”

“काही नाही. झोपायचंय.”

यजमान उठून बसले. “जन्मभर माझ्या झोपेला नावं ठेवलीस, आणि आता ती दुकानात मांडणार?”

“अंगात गुण आहे, तर खपवायला नको?”

यजमान काचेमागे बसले आणि बसल्या बसल्या झोपी गेलेच. गोदाम भराभर रिकामं होऊ लागलं. एक बाई तेवढ्या तणतणत परत आल्या. “आमच्या ह्यांना या खुर्चीत झोप येत नाही. पैसे परत द्या!” मॅनेजरनं यजमानांनाच तपासणीला त्यांच्या घरी पाठवलं. यजमान खुर्चीत बसले आणि चहा येईस्तोवर गाढ झोपले. मालात दोष नाही, हे बाईंना मान्य करावं लागलं. पुढे कितीतरी वेळ त्या आपल्या नवऱ्याकडेच खालून वर बघत होत्या.

शेवटची खुर्ची गेली, त्या दिवशी दोघं पायीच घरी निघाले. यजमान जरा मागे मागे चालत होते.

“दमलात?” ताईंनी विचारलं.

“छे. खरं सांगू? गेले काही दिवस मला काचेमागे झोपच येत नव्हती. नुसते डोळे मिटून पडायचो. काचेबाहेर लोक काय बोलतात ते ऐकण्यात मजा यायची.”

“काय बोलायचे?”

“बहुतेक बायका म्हणायच्या, बिचारा! बायको घरात झोपू देत नसेल.”

ताई भर रस्त्यात थांबल्या. “आणि तुम्ही ऐकून घेतलंत? उठून सांगायचं नाही, देते म्हणून?”

“कसं सांगणार?” यजमान गंभीरपणे म्हणाले. “मी ड्यूटीवर होतो ना!”