कावळ्यासमोर दिलेला शब्द

आई मंगळवारी गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

मी ग्रंथपाल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो (पंख्याखाली बसून). आता सोलापूरच्या उन्हात काळी छत्री धरून मी पिंडाशेजारी उभा होतो आणि लिंबावरचे कावळे आमच्याकडे बघत होते.

"ताईची इच्छा राहिलीय," मामा म्हणाले. "सतीशचीच असणार."

सतीश माझा धाकटा भाऊ, वय अडतीस. तो स्वमग्न आहे. हा शब्द आम्हाला डॉक्टरांकडून कळला तेव्हा त्यानं तिशी ओलांडली होती. चादरीच्या कारखान्यात तो विणीतले दोष शोधतो. नुसतं बोट फिरवून तुटलेली तार सांगतो. बोलताना मात्र समोरच्याकडे बघत नाही. एवढ्यावरून नातेवाइकांनी त्याला आजारी ठरवलं होतं.

"शब्द दे की," मामांनी मला ढोसलं.

"आई, मी सतीशला बरा करीन," मी म्हणालो. कावळा हलला नाही. "पुण्याला दाखवीन." नाही. "सांगोल्याच्या वैद्याकडेही नेईन." (शिकलासवरलेला माणूस कावळ्याशी घासाघीस करत होता!)

"दादा," सतीश म्हणाला, "मी बराच हाय की. तू छत्री घेऊन मागं सरक. कावळा तुला भितोय."

मी दहा पावलं मागं सरकलो. कावळा आला आणि शिवला.

"बघितलंस? शब्द पोचला," मामा म्हणाले. सतीशचं म्हणणं कोणीच ध्यानात घेतलं नाही. मीही नाही.

वैद्याकडे यायला सतीशनं साफ नकार दिला. शब्द तर दिलेला. मी एकटाच गेलो.

"रोगी कुटं हाय?"

"घरी."

"मग नाडी कुणाची बघू?"

मी हात पुढं केला. सख्ख्या भावाची, म्हणजे थोडीफार तीच असणार. वैद्यांनी डोळे मिटले. "माणूस लई हट्टी हाय. कुणाचं ऐकत न्हाय." निदान अचूक होतं. पुड्या घेऊन मी परत आलो.

सकाळच्या दुधात एक पुडी मिसळली. न सांगता. बोटाला एक तार तुटलेली कळणाऱ्या माणसाच्या जिभेला हे कळणार नाही, असं मला वाटलं.

"यात काय घातलंस?"

"साखर."

"साखर न्हाय."

"औषध आहे. तू बरा व्हावास म्हणून."

त्यानं पेला खाली ठेवला. "बरा झाल्यावर मी कोण होणार?"

तो चिडला नव्हता. त्याला माहिती हवी होती.

"आईनं मला कदी बरं केलं न्हाय," तो म्हणाला. "मिक्सर लावायच्या आधी सांगायची, 'लावते रे.' तेवढं पुरायचं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आईची ती इच्छा मामांनी सांगितली होती. आईनं तसं कधीच म्हटलं नव्हतं. आणि ज्याला बरं करायचं, त्याला तर मी विचारलंही नव्हतं.

महिन्याभरात सतीशनं कारखान्याजवळ खोली घेतली. मी पुड्या फेकून दिल्या, माफीही मागितली. "बरं," तो म्हणाला.

आता मिक्सर लावायच्या आधी मी सांगतो. तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. स्वतःचा डबा घरून आणतो.