उजवा वरचा कोपरा

अख्ख्या कोल्हापुरात सगळ्यात जास्त सिनेमे दाखवलेला आणि एकही सिनेमा धड न पाहिलेला माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. जन्म गेला टॉकीजच्या केबिनमध्ये, दोन मशिनींच्या मध्ये उभं राहून. एका मशिनीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की काकांनी खटका दाबून दुसरी मशीन चालू करायची. ठिपका हुकला तर पडदा पांढराफटक आणि खाली पब्लिकच्या शिट्ट्या. त्यामुळे हिरॉईन नाचो नाहीतर मरो, काकांचं लक्ष कोपऱ्यात.

पुढं टॉकीज बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या, पण हात काही विसरला नाही. एकदा चंदगडचे पावणे जेवायला बसले होते, समोर टीव्ही चालू. नेमक्या त्याच कोपऱ्यात माशी बसली आणि काकांचा हात धाडकन खाली आला तो तांबड्या रश्श्याच्या वाटीत. पावण्यांच्या पांढऱ्या शर्टाची रंगपंचमी झाली. जुन्या मशिनीत उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या वेळेवर पुढं सरकवल्या नाहीत तर चित्र पिवळं पडायचं. म्हणून संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो की काका मावळतीकडं बघत पुटपुटतात, "कार्बन संपत आलाय. कुणीतरी सरकवा की." सूर्य बुडाला की खरोखर हळहळतात. वेडा माणूस! पण त्यांच्याशेजारी बसून मलाही वाटायला लागतं, की पाण्यावरचा हा उजेड कुणीतरी मागून टाकतंय.

मावशीची मात्र एकच आस होती. लग्न झाल्यापासून ती टॉकीजमध्ये एकटीच बसत आलेली. इतर बायकांचे नवरे शेजारी, हिचा पाठीमागच्या भोकात. एक तरी सिनेमा दोघांनी शेजारी बसून बघायचा, एवढंच तिचं मागणं. काका उडवून लावायचे. रीळ नाही, कार्बन नाही, नुसतं बटण दाबायचं, त्याला काय सिनेमा म्हणायचं! शेवटी परवा मावशीनं अबोला धरला, तेव्हा कुठं नमले, आणि मी दोघांना मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेलो.

मावशी पडद्याकडं, काका कोपऱ्याकडं, मी काकांकडं. रीळच नाही तर ठिपका येणार कुठून? एसीत काकांना घाम फुटला. शेवटी न राहवून हात वर गेलाच. मावशीनं तो हवेतच धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"आता काय बदलायचं न्हाय. बसा की."

हळूहळू काकांची नजर कोपऱ्यातून खाली उतरली. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले, काका तसेच बसून.

"पडद्याच्या मधी एवढं सगळं असतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"असतंय," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली. दुसऱ्या हातातला त्यांचा हात तिनं अजून सोडला नव्हता.