मायचे डोळे आणि भावाची कादंबरी

भावाच्या कादंबरीबद्दल चार पानं लिहून द्या, असं वाचनालयातले लोक घरी येऊन सांगून गेले. कादंबरी एका जुन्या कवीची आणि त्याच्या आईची आहे. बादशाही अमलात तापीकाठी राहणारा हा कवी सुभेदाराच्या दरबारातला मान सोडून आंधळ्या आईची सेवा करायला घरी परततो. ती वाचून लोक रडले म्हणे. आता भावाचं आमच्या आईवर किती प्रेम होतं ते त्याच्या बहिणीनं सांगावं अशी त्यांची इच्छा आहे. मी चौथी पास आहे. मला पाहिलेलंच लिहिता येतं.

भाऊ बुऱ्हाणपुरातल्या लालबागला राहायचा आणि शाळेत मराठी शिकवायचा. त्याची बायको लवकर गेली, मूल नव्हतं. वडिलांच्या मागे माय त्याच्याकडेच राहिली आणि त्याला रांधून घालू लागली. मला जवळच्या जसोंडी गावी दिलेलं. केळीच्या कामातून सवड मिळाली की मी बैलगाडीनं शहरात यायचे.

त्याच सुमारास राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या. नागपूर मुंबईकडे गेलं, आमची राजधानी भोपाळ झाली आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. भावाला ते फार लागलं. सभेत उभा राहून तो म्हणायचा, लेकराला मायपासून तोडलं. माय म्हणजे मराठी. हे म्हणताना तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा आणि पुढच्या रांगेतले वकीलही पुसायचे. मी एकदा बायकांच्या बाजूला बसून ते सगळं ऐकलं. त्याची खरी माय तेव्हा घरी तवा चाचपत भाकरी उलटत होती. तिच्या बोटांना फोड आले होते. सभेहून आल्यावर त्यानं त्या भाकरी खाल्ल्या आणि एक करपलीय म्हणाला.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. भाऊ तिला एकदा खंडव्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवून आला आणि मला म्हणाला, अजून पिकला नाही. त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत, म्हणून मी गप्प बसले. केळीचा घड कधी उतरवायचा ते आम्हाला बरोबर कळतं, चार दिवस चुकले की माल काळा. पण डोळ्यातलं मला काय कळणार? मी त्याच्या शिक्षणावर भरवसा ठेवला. तो माझा मूर्खपणा.

दोन वर्षांनी चैत्रात मी अशीच आले होते. भाऊ बैठ्या मेजाशी बसून लिहीत होता. मायला चूल पेटवायची होती आणि काडेपेटी सापडत नव्हती. ती कोनाडा चाचपत होती, मग फडताळ, मग जमीन. काडेपेटी भावाच्या गुडघ्याशी पडली होती. त्यानं ती पाहिली. मग तो मायकडे बघत राहिला, चांगला वेळ. नंतर मान खाली घालून भराभर लिहू लागला. मी पुढे होऊन काडेपेटी उचलली आणि मायच्या हातात दिली.

भाऊ म्हणाला, "अगं, जरा थांबायचं होतंस."

तो शाळेत गेल्यावर मी ती वही उघडली. कवीची आई दिवा शोधते आहे, असं लिहिलेलं होतं. भिंतीवरून हात फिरवते, तेलाचा वास घेते, वाती मोजते. खूण म्हणून त्या पानात एक कागद घातला होता. ती खंडव्याच्या दवाखान्याची चिठ्ठी होती, कंपाउंडरनं हिंदीत लिहिलेली. वर मायचं नाव. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू पिकला आहे, दिवाळीनंतर ऑपरेशनला घेऊन या. त्यानंतर दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

मी मायला विचारलं, तुला हे ठाऊक होतं का?

"होतं ना," माय म्हणाली. "तो म्हणे, पुस्तक होऊ दे. मी म्हटलं, होऊ दे. त्याच्या पुस्तकात मी आंधळी हाये. मधातच दिसायले लागलं तर त्याचं कसं होईल?"

हे तिनं अभिमानानं सांगितलं. मला भावापेक्षा तिचाच जास्त राग आला. असल्या आयाच असले मुलगे घडवतात.

संध्याकाळी मी चिठ्ठी भावापुढे ठेवली. तो जरासुद्धा ओशाळला नाही. शेवटची तीनच प्रकरणं राहिलीत म्हणाला. समोर रोज बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही, आणि हे तुला कळायचं नाही.

मी म्हटलं, "मग तूच डोळ्यांना पट्टी बांध आणि भाकऱ्या थाप. जवळून कळेल."

दुसऱ्या दिवशी मी मायला टांग्यात घालून स्टेशनावर नेलं आणि खंडव्याची गाडी धरली. ती खुशीनं आली नाही. गाडी थांबली तेव्हा तिनं कोणतं स्टेशन म्हणून विचारलं. चांदनी म्हटल्यावर म्हणाली, इथूनच वापस जाऊ, तो उपाशी राहील. त्याला कादंबरी खाऊ दे, असं मी सांगितलं.

डॉक्टरनं पाहिलं आणि मलाच झापलं. डावा डोळा जास्त पिकून आतल्या आत गेला होता, त्याचं काही होणार नव्हतं. उजव्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मायला आठ दिवस उताणं निजवलं. भाऊ पट्टी उघडायच्या दिवशी आला, वही घेऊन. पहिल्यांदा उजेड कसा वाटला, ते त्यानं तिला तीनतीनदा विचारलं. तिनंही नीट आठवून सांगितलं. डाव्याचं त्यानं विचारलं नाही. कादंबरीच्या शेवटी कवीचे अश्रू पडतात आणि आईला दिसू लागतं. डॉक्टर त्यात कुठेच नाही.

कादंबरी छापून आली तेव्हा वाचनालयात समारंभ झाला. जाड भिंगांचा चष्मा लावून माय माझ्याशेजारी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून पहिल्या पानावर काय आहे ते तिनं मला वाचायला लावलं. मी वाचलं: जिच्या डोळ्यांनी मी जग पाहिलं, त्या माझ्या आईस.

 माय म्हणाली, "त्याचं पाहून झालं असंल, तर एक वापस दे म्हणा."

भाऊ भाषणाला उभा राहिला तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मायनंही वाजवल्या. समारंभ संपल्यावर मी तिला जसोंडीला चल म्हटलं, तर ती त्याच्याच घरी गेली आणि मरेपर्यंत त्याला भाकऱ्या घालत राहिली.

दिवा शोधण्याचं ते पान मी पुष्कळदा वाचलं आहे. ते चांगलं उतरलंय, मला खोटं बोलता येत नाही. त्यात आई शोधते आणि तिला दिवा द्यायला कोणी नसतं, कारण कवी दूर दरबारात आहे. माझा भाऊ मात्र घरात होता, हातभर अंतरावर.