मडमच्या बागेतली अंबाडी

सन १८९९. वऱ्हाडात पावसानं दडी मारली, तशी बडनेऱ्याच्या नत्थुजी माळ्याची विहीरही आटली. वांग्याचे वाफे करपले. शेवटी तो अमरावतीच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागला. तिथल्या विहिरीला पाणी होतं, आणि ते रोज गवताला पाजलं जायचं. गावोगाव चाऱ्यावाचून गुरं मरत होती. इथं गवत नुसतं बघायला होतं. चुकून एखादी गाय आत शिरू नये म्हणून फाटकावर शिपाईही ठेवला होता.

मडमला विलायती फुलांचा भारी सोस. त्यांची रोपं उगवायची आणि आठवड्यात माना टाकायची. मडम रडकुंडीला यायची. असाच एक वाफा रिकामा झाला, तेव्हा नत्थुजीनं त्यात गुपचूप अंबाडी पेरली. घरी बायको दुर्गाबाई ज्वारीच्या कण्या शिजवायची; चार पोरांसाठी त्यात घालायला पाला तरी हवा होता.

लाल देठांवर पिवळी फुलं आली आणि मडम हरखली. हे कोणतं झाड, तिनं विचारलं. नत्थुजीनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की झाड फार नाजूक आहे, रोज शेंडे खुडले नाहीत तर जीव सोडतं. मग मडम स्वतः उभी राहून शेंडे खुडून घेऊ लागली. खुडलेला पाला उचलून नेणं हे अर्थातच माळ्याचं काम.

हिवाळ्यात साहेबलोकांचं फुलांचं प्रदर्शन भरलं. मडमच्या अंबाडीला पहिला नंबर मिळाला. चांदीचा पेला मडमला, नत्थुजीला साहेबाची जुनी टोपी. कचेरीतले हेडक्लार्क केशवराव कुंडीपाशी थबकले. मडमनं नाव विचारलं, तेव्हा ते अदबीनं म्हणाले की या वनस्पतीला आमच्यात फार मान आहे. मग नत्थुजीला त्यांनी बाजूला घेतलं.

"अंबाडी हाय थे. उद्यापासून एक जुडी माह्या घरी."

"दोन न्या, रावसाहेब. पन मडमले सांगू नका. थे खुश होऊन राहिली."

पुढं सगळ्याच मडमांना ते झाड हवं झालं. नत्थुजीनं बी वाटलं, आणि आठ बंगल्यांच्या माळ्यांच्या घरी चुली पेटत राहिल्या.

पुढच्या साली पाऊस आला. साहेबाची बदली झाली. मडमनं मैत्रिणीला पत्र लिहिलं, त्यात दुष्काळावर एक ओळ होती: गेल्या साली गुलाब जरा लहान आले.

नत्थुजी बायकोपोरांना घेऊन बडनेऱ्याला परतला. त्याची चारही पोरं जगली होती. शेजारच्या दोन घरांना मात्र बाहेरून कड्या होत्या.