विधानसौधासमोरचा फोटोवाला

आई-बाबांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस होता, म्हणून मी त्यांना सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरून ‘खरं बेंगळुरू’ दाखवायला नेलं. एम. जी. रोड, चर्च स्ट्रीट, कब्बन पार्क करत विधानसौधासमोर, म्हणजे इथल्या विधानभवनासमोर, पोचलो, तोवर तुटलेली एक चप्पल बाबांच्या हातात आली होती.

तिथे तो उभा होता. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याचे फोटो, डोक्यावर उलटी टोपी. आई मला म्हणाली, “बघू नकोस त्याच्याकडे, चिकटेल.” परगावात मराठी कुणाला कळत नाही, अशी आमच्या घराण्याची पक्की समजूत आहे.

आई-बाबांना समोर उभं करून मी मोबाइल काढला आणि घुमट मावेना म्हणून मागेमागे सरकत राहिलो. माझ्या प्रत्येक पावलाला तो जिभेने ‘च्यक्’ करायचा. शेवटी त्याच्याच्याने राहवलं नाही. जवळ येऊन त्याने मी काढलेला फोटो पाहिला.

“घुमट झकास आलाय. खाली ह्या दोन मुंग्या कोण? द्या हिकडं मोबाइल. भिऊ नका अक्का, मी चिकटत न्हाई!”

आईने जीभ चावली. तिचा चेहरा बघून बाबा खो खो हसत सुटले, मग तीही. त्याने तेवढ्यात बटण दाबलं.

फोटोत दोघं पोट धरून हसताहेत, बाबांच्या हातात चप्पल आहे आणि मागे जेमतेम एक दगडी खांब.

“अहो, विधानसौध कुठाय यात?” मी विचारलं.

“ते उद्या बी हितंच हाय की,” म्हणत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आई-बाबांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.